अण्णांनी माझ्या नावानं दिलेली उत्तरं

मुरगूडच्या स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "लेक कॉलेजला चाललीया, नीट न्या!" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. स्वतः मॅट्रिकवर थांबलेले. त्या दिवशी मी जात नव्हते, तेच चालले होते. हे मला फार उशिरा कळलं.

शकू, तू धाकटी. तुला यातलं काही माहीत नाही, म्हणून लिहितेय.

कोल्हापुरात कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला उभं केलं. मी म्हणाले, "सर, पुस्तक न्हाय आणलं." ते म्हणाले, "न्हाय नव्हे, नाही. हा आठवड्याचा बाजार नाही." सव्वाशे पोरं हसली. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही. ते पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. पुढं पुढं उतरवणंही सुटलं. हजेरीला "येस सर" म्हणायचं आणि तास संपेपर्यंत बाकाचा रंग नखानं खरवडत बसायचं. दुसऱ्या वर्षी नापास झाले.

अण्णांनी मला घरी आणलं आणि पोस्टानं शिकायच्या कोर्सला नाव घातलं. दर महिन्याला जाड पाकीट यायचं, आत सायक्लोस्टाइल केलेले धडे आणि प्रश्न. वर्गात निदान हसायला तरी कुणीतरी होतं. इथं तेही नाही. मी पाकिटं न फोडताच फडताळात टाकायला लागले. आई म्हणायची, "आळशी झालीया." आळस नव्हता गं. आतलं सगळं वाळून गेलं होतं.

मग एकदा तपासलेली उत्तरं परत आली. लाल शाईत शेरा होता, "भाषा उत्तम. असेच लिहीत राहा." मी एक ओळही लिहिली नव्हती. उत्तरांचं अक्षर अण्णांचं होतं.

मी विचारलं तर म्हणाले, "तू लिहीत न्हाईस, मग काय करू? नाव तुझंच हाय की!" आणि तो कागद घेऊन बाजारपेठेत सगळ्यांना दाखवून आले.

वर्षअखेर परीक्षेला कोल्हापूरच्या केंद्रावर तेच घेऊन आले. मी पेपरवर नंबर लिहिला, अर्धा तास बसले आणि कोरा पेपर देऊन उठले. फाटकापाशी ते जेवणाचा डबा घेऊन उभे होते.

"झाला एवढ्यात? कसा गेला?"

"तुमचा पेपर होता, अण्णा. तुम्हीच जायचं होतं आत."

ते वळले आणि स्टँडकडं चालायला लागले. मी मागं गेले नाही. त्या रात्री हॉस्टेलच्या जुन्या मैत्रिणीकडं राहिले.

आता शिरोलीला एका कारखान्यात सुटे भाग तपासते. सुपरवायझर दिवसभर खेकसतो, मीही खेकसते. "न्हाय" म्हटलं तर इथं कुणी हसत नाही. संध्याकाळी मान अवघडते, पण दिवसभर जे केलं ते मी केलेलं असतं.

तू लिहितेस, अण्णा खचलेत, वाट बघतात, घर तुझंच आहे. माझं कधी होतं? तिथं माझं नाव होतं, आणि तेही दुसराच कुणी वापरत होता. माझं घर म्हणजे ही दहा बाय दहाची खोली. अण्णांना सांग, मी येणार नाही. त्यांना यायचं असलं तर यावं. पण दारात उभं राहून आधी विचारावं, आत येऊ का म्हणून. मी काय उत्तर देईन ते मला अजून ठाऊक नाही. पण जे देईन ते माझं असेल.