दुर्बीण वर जाईपर्यंत

त्या दुर्बिणीचा मला राग होता, आणि तो मी कधी लपवला नाही. माझा नवरा इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्सहून रोज गाडी हाणत ज्या लॅबमध्ये जायचा, तिथे तिचा एक भाग तयार होत होता. तो भाग टेस्ट करायचं काम याच्याकडे. घरी आला तरी डोकं तिथेच. मीठ विसरलेली आमटी मुकाट्याने ओरपायचा आणि वर "छान झालीय" म्हणायचा.

बँका बुडायला लागल्या त्या वर्षी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. एका रविवारी जेवताना त्यांनी लेकाला विचारलं, "तुझ्या त्या दुर्बिणीला खर्च किती रे आला?" त्याने आकडा सांगितला. त्या घास हातात धरून बसल्या.

"एवढ्यात कोथरूडचे सगळे खड्डे बुजले असते आणि दोन वेळा पाणीही आलं असतं," त्या म्हणाल्या. "करते काय ती एवढं?"

मग तो खुलला. एरवी तोंडातून शब्द काढेल तर शपथ, पण हा विषय निघाला की थांबायचा नाही. आजवर वर गेलेल्या कुठल्याही दुर्बिणीपेक्षा हिचा आरसा मोठा. ही चंद्राच्याही कितीतरी पलीकडे जाऊन राहणार. हिला उजेड नाही, ऊब दिसते. थंडगार धुळीच्या ढगांत तारे जन्मतात, आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण त्यांची किंचितशी ऊब हिला कळणार. त्यासाठी हिने स्वतः भयंकर गार राहायला हवं, म्हणून आतली यंत्रं हेलियमच्या मोठ्या थर्मासमध्ये बसवलीत. काही वर्षांनी तो हेलियम उडून जाणार, की खेळ खलास, दुर्बीण आंधळी. दुरुस्तीला तिथे कोणी जाऊ शकत नाही.

"म्हणजे दुसऱ्याची ऊब कळायला आपण गार पडायचं," सासूबाई म्हणाल्या. "अवघड आहे बाबा." आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

लॉंच पुढे गेलं. मग आणखी पुढे. कधी एखादा व्हॉल्व्ह बिघडलेला, कधी रॉकेट तयार नाही. "स्लिप झालं" म्हणत तो दारातून आत यायचा आणि बूट न काढताच जिन्यात बसायचा. एके सकाळी मी खाली आले तर किचनच्या खिडकीत, केटलशेजारी, स्टीलच्या वाडग्यात सासूबाईंचा बोटभर पितळी गणपती पाण्यात बुडवून ठेवलेला. देव पाण्यात घालून बसणं मी नुसतं बोलण्यात ऐकलं होतं, परीक्षेच्या निकालाला, इलेक्शनला. खरोखर घातलेला पहिल्यांदाच पाहिला. मनातलं झालं की बाहेर काढायचा, तोवर रोज पाणी बदलायचं, बस्स.

नवरा हसला. "तिकडे ती हेलियममध्ये, इकडे हा नळाच्या पाण्यात." पण त्याला बरं वाटलं होतं, मला दिसलं की.

व्हिसा संपत आला, लॉंच काही होईना. हीथ्रोवर तो ट्रॉली आणायला गेला तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. "गणपती तुझ्यावर सोडून चाललेय. अर्ध्यात हलवायचा नसतो तो."

"अहो आई, लॉंच झालं की काढते आणि लगेच फोन करते."

"लॉंचचं कशाला मागू मी देवाकडे? शिकलीसवरलेली माणसं आहेत, पाठवतील ती वर. मी मागितलंय, हा कामातून मोकळा होऊन एकदा घरी यावा. चार दिवस राहावा. त्याला सांगू नकोस हं, उगाच जिवाला लावून घेईल."

मी कबूल केलं. कबूल करताना वाटलं, त्यात काय मोठंसं, येईलच की.

आमच्याकडचं पाणी जड. केटलच्या बुडाला चुन्याचा थर बसतो, तसा गणपतीच्या सोंडेवर बसायला लागला. तिकडे पुण्यात सासूबाईंना धाप लागायला लागली होती. फोनवर म्हणायच्या, "वय झालं, दुसरं काय?" त्याने एप्रिलचं तिकीट काढलं. लॉंच स्लिप झालं, तिकीट रद्द. मी कडाडून भांडले.

"जा की. तुझ्यावाचून चार दिवस आभाळ कोसळणार आहे का?"

"कित्येक वर्षं माणसं यावर राबलीत गं. ऐन वेळी मीच कसा जाऊ? लॉंच होऊ दे, सगळं चालू झालं की निघतोच."

आईंचं बोलणं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. एवढा संताप झाला की भांडी आपटत घासली.

मे महिन्यात तारीख पक्की झाली, आणि त्याच्या आधीच सासूबाई झोपेत गेल्या. त्याच्या बहिणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा तो लॅबला निघण्यासाठी गाडीची किल्ली शोधत होता. एकुलता एक मुलगा, अग्नी त्यानेच द्यायचा. मिळेल त्या विमानाने गेला. आमच्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या, तिला विमानात घेणार नव्हते, म्हणून मी राहिले.

आता सुतक. देवाला हात लावायचा नाही. एरवी मी असलं फारसं पाळत नाही, पण आईंच्या गणपतीशी वाद घालायची हिंमत नव्हती. पाणी बदलणंही बंद झालं.

लॉंच मी लॅपटॉपवर पाहिलं, मुलीच्या अंगाला गुलाबी लोशन लावता लावता. रॉकेट धुरातून वर चढलं, ढगात शिरलं, दिसेनासं झालं. तिकडची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मी रडले, दुर्बिणीसाठी नाही. मग पुण्याला फोन लावला.

"गेलं वर. सगळं नीट झालं म्हणतायत."

"हं. पाहिलं मी." मग त्याने विचारलं, "गणपती काढलास?"

"सुतक आहे ना."

"हो, खरंच."

तेरावं करून तो परतला. केस उतरवलेले, दारात क्षणभर मी ओळखलंच नाही. बॅग ठेवून तो सरळ किचनमध्ये गेला. सुतक फिटल्यावरही मी वाडग्याला हात लावला नव्हता, त्याच्या हातूनच निघू दे म्हटलं. पाणी आटून गणपतीचा माथा वर आला होता, पांढराफटक. लॅबमध्ये हातमोज्यांशिवाय कशाला बोट न लावणाऱ्या माणसाने तो उघड्या हातांनी उचलला. मी चिंच भिजत घातली. सिंकपाशी उभा राहून तो घासत राहिला. सोंडेच्या वळणातला चुना काही निघेना.

"बिचारी," तो म्हणाला. "दुर्बिणीसाठी साकडं घालून बसली आणि बघायला राहिली नाही."

आता शब्द पाळून काय उपयोग? मी सांगून टाकलं. लॉंच नव्हतं रे मागितलं त्यांनी. तू एकदा घरी यावंस, चार दिवस राहावंस, एवढंच मागितलं होतं.

नळ तसाच वाहत होता. बंद करायचं त्याला सुचेना, मीच केला.

"मग मी पुण्यात पोचलो त्याच दिवशी काढायचास ना," तो म्हणाला. "चांगला तेरा दिवस राहिलो की मी."