आप्पांनी पारखलेलं विमान

कमिटी पाच वर्षं चालली की निर्णय एक होतो आणि किस्से पन्नास! आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो. संध्याकाळी चहाला आम्ही चौघं जमतो आणि कुणीतरी म्हणतंच, "इंजिनीअरसाहेब, ते विमानाचं सांगा." मीही हसवायचं म्हणून सुरू करतो. पण हे किस्से शेवटपर्यंत हसत जात नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

तर मी मूळचा चाकूरचा. प्रशांत महासागरातल्या एका चिमुकल्या देशाच्या सरकारी विमान कंपनीत वीस वर्षं इंजिनीअर होतो. देश केवढा, तर आपला नायगाव तालुका म्हणा. लांब पल्ल्याचं विमान एकच, तेही भाड्याचं आणि म्हातारं. नवं घ्यायचं ठरलं आणि कमिटी बसली. चेअरमन, मुख्य पायलट कॅप्टन तोमासी आणि मी. तिथं कामाला आलेली आपल्याकडची माणसं बरीच, म्हणून नवं विमान थेट हैदराबादला जाणार होतं. तीन विमानं बदलत अडीच दिवसांनी घरी पोचणारा मी, एका दिवसात चाकूरला पोचणार होतो!

हे मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर शेती केलेले. देवणी बैलाची पारख करावी तर त्यांनीच. बाजाराला जाताना शेजारच्या तालुक्यातली माणसंही त्यांना सोबत नेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हैद्राबादला येतो मी," म्हणाले. "त्यात बसायचं न्हाई मला. एकदा डोळ्यानं बघतो, मग जायला मोकळा."

*

त्याच फोनवर त्यांनी विचारलं होतं, अशी विमानं किती आहेत म्हणून. मी म्हणालो, एक. पुढेही एकच घ्यायचं म्हणतायत.

"एका बैलावर नांगर धरून राहिलाव व्हय?"

मी हे मीटिंगमध्ये सांगितलं. चेअरमन हसले आणि दोन विमानं आपल्याला झेपत नाहीत असं म्हणून विषय मिटवला. पुढच्याच आठवड्यात ते परदेशी गेले आणि आमचं एकुलतं विमान तिथेच बंद पडलं. पार्ट यायला सहा दिवस. हॉटेलातून ते फोनवर मीटिंगला बसले. पहिला विषय त्यांनीच मांडला, विमानं दोन घ्यावीत!

*

मग कोणतं घ्यायचं? चेअरमनना चार इंजिनांचं, भलंमोठं हवं होतं. कारण शेजारच्या बेटावाल्यांचं तसं होतं. देश लहान असला तरी विमान लहान दिसू नये, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या सीटा भरायला आमच्या देशातली माणसं पुरतील का, हे कुणी विचारेना.

रविवारी मी आप्पांपाशी कुरकुर केली. ते म्हणाले, "शिंगं बघून घेऊन राहिलेत का? शिंगानं नांगर वढत न्हाई. खुरं बघा म्हनावं."

तोमासीला मी हे इंग्रजीत सांगितलं. त्या गड्यानं आयुष्यात देवणी बैल पाहिला नव्हता, पण त्याला ते इतकं आवडलं की पुढे कुठल्याही विमानाचं चकचकीत माहितीपत्रक आलं की तो शांतपणे विचारायचा, "यात शिंगांची पानं किती आहेत?" चेअरमननाही शेवटी हसू आलं. चार इंजिनं रद्द झाली.

*

आता जो किस्सा सांगतोय, तो माझ्या चुकीचा आहे. चूक म्हणावी की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन इंजिनांचं एक देखणं विमान विकणाऱ्यांनी दाखवायला आणलं. पहाटे, गार हवेत, रिकाम्या सीटांनी ते असं उडालं की चेअरमननी टाळ्या वाजवल्या. जोडी लगेच मिळत होती. फक्त सह्या राहिल्या होत्या. मी आनंदानं आप्पांना फोन केला.

"कवा दाखवलं?"

"पहाटे."

"पहाटं समदेच बैल देखणे असतात," आप्पा म्हणाले. "दुपारी बघ. वझं लादून, चढावर बघ."

आमच्या धावपट्टीच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. मी आकडेमोड पुन्हा केली. भर उन्हाळ्याची दुपार धरली, म्हणजे तापून विरळ झालेली हवा, टाकी भरलेली, सीटा भरलेल्या. उत्तर आलं की चाळीस माणसं खाली उतरवल्याशिवाय ते विमान हैदराबादपर्यंत जाणार नाही. मी सही केली नाही. तोमासीनंही केली नाही. सौदा मोडला. दुसरी जोडी ठरायला आणि तयार होऊन यायला दोन वर्षं लागणार होती.

आप्पांना सांगितलं तर ते खूश झाले. मुलगा आपल्यावर गेला, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. त्यानंतर दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "आलं का?"

*

मधे एकदा सुटीवर चाकूरला आलो. निघताना आप्पांनी गोडेतेलाची धुतलेली बाटली हातात ठेवली. आत आमच्या विहिरीचं पाणी, झाकणावर कापड घट्ट बांधलेलं. आमच्याकडे नवा बैल दारात आला की आधी त्याच्या पायांवर पाणी घालतात, मग बाकीचं. त्याशिवाय त्याला आत घेत नाहीत.

मी म्हणालो, विमानाच्या चाकावर असं कुणी पाणी घालू देणार नाही, चौकशी होईल.

"मग सांगू नकोस कुनाला," आप्पा म्हणाले. "म्या आलो तर म्याच घालीन. न्हाई आलो तर तू घाल."

मी ती बाटली कपड्यांत गुंडाळून नेली आणि ऑफिसच्या कपाटात ठेवली. तोमासीनं एकदा दारू समजून वास घेतला होता. मग त्याला सगळं सांगावंच लागलं.

*

नव्या जोडीतलं पहिलं विमान यायला चार महिने उरले होते, तेव्हा धाकट्या भावाचा, शिवाचा, फोन आला. आप्पा सकाळी गेले होते.

आमचं म्हातारं विमान हैदराबादपर्यंत जात नव्हतंच. तीन विमानं बदलत अडीच दिवसांनी मी चाकूरला पोचलो. कोपऱ्यात त्यांची काठी होती आणि शेजारी नव्या चपला, हैदराबादला जायच्या म्हणून घेतलेल्या. त्यांचे तळ अजून कोरे होते. शिवा म्हणाला, "लई वाट बघितली, दादा." विमानाची की माझी, हे मी विचारलं नाही.

परत गेल्यावर तोमासी माझ्या खोलीत येऊन बसला. 

"तू वडिलांचं ऐकलं नसतंस, तर दर फेरीला चाळीस माणसं घरी जायची राहिली असती," तो म्हणाला.

"एक पोचला असता," मी म्हणालो.

मला फार एकटं वाटलं तेव्हा. अजूनही कधीकधी वाटतं.

*

पहिल्या फ्लाइटला मला सीट दिली होती. पण हैदराबादला उतरून प्रवासी थेट इमारतीत जातात, चाकापर्यंत जाता येत नाही. चाकापर्यंत जातो तो पायलट, विमानाभोवती फेरी मारून तपासायला. ती फ्लाइट तोमासीच नेणार होता, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती बॅगेत उभी ठेवली, आडवी नाही.

भर दुपारी आम्ही हैदराबादला उतरलो. सीटा भरलेल्या. बाहेर शिवा उभा होता. पिशवीत आप्पांच्या त्या चपला घेऊन आला होता.

आठवड्यानं परतलो, तर टेबलावर त्या विमानाची नोंदवही सहीसाठी आलेली. हैदराबादच्या इंजिनीअरनं लिहिलं होतं, "पुढच्या चाकावर आणि खाली पाणी आढळलं. विमानाच्या सगळ्या नळ्या तपासल्या. गळती नाही. कारण कळत नाही."

त्याखाली तोमासीच्या अक्षरात एक ओळ होती.

"पाणी चाकूरचं आहे. आता विमान आत घ्यायला हरकत नाही."