पेशंटमावशी

मेडिकल कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात बाटल्या धुणाऱ्या मावशीला सरांनी एक दिवस खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही पेशंट." पोरं औषधांची नावं घडाघडा म्हणतात, पण गोळी कशी घ्यायची हे माणसाला सांगताना त-त-प-प करतात, म्हणून ही युक्ती. मावशी अशी रंगली म्हणता! कधी दमेकरी, कधी शुगरवाली, कधी ठार बहिरी. हातात यादी असायची. गोळी किती घ्यायची ते सांगितलं? कधी घ्यायची? तिच्यासोबत काय घ्यायचं नाही? सांगितलं की समोर खूण, आणि त्या खुणांवर परीक्षेचे मार्क. अकरा वर्षांत पोरांनी तिचं नाव पेशंटमावशीच पाडलं.

घरी नवऱ्यापुढे मिरवायची, "डॉक्टर मी घडवते, कळलं का हो?"

"घडव बाई. तेवढा माझा चहा विसरू नकोस," तो हसायचा.

त्याच नवऱ्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून सोडताना समोर डॉक्टर कोण, तर तिच्याच हाताखालून गेलेला पोरगा. मावशीचा ऊर भरून आला. बाहेर ही भलीमोठी रांग, त्यामुळे रक्त पातळ करायच्या गोळ्या त्याने भराभरा समजावल्या. सोबत काय घ्यायचं नाही, ते राहिलं. मावशीच्या लक्षात आलं होतं हो! पण चारचौघांत आपल्या पोराला खाली बघायला कशाला लावायचं? तिने प्रश्न गिळला आणि म्हणाली, "समजलं." नंतर विभागात कुणाला तरी विचारू म्हणाली, ते राहूनच गेलं.

पुढे नवऱ्याचा गुडघा ठणकायला लागला. कपाटातली दुखणं थांबवायची जुनी गोळी तिनेच रोज त्याच्या हातावर ठेवली. आठव्या दिवशी पोटात रक्तस्राव झाला आणि माणूस हातचा गेला.

महिन्याभराने तो डॉक्टर घरी आला. दारातच त्याचा बांध फुटला. "मावशी, चुकलो मी. पण तुम्हाला तर सगळं ठाऊक. तुम्ही टोकलं का नाही?"

मावशीला स्वतःचा इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता.

"टोकायचं होतं ते तुझ्या परीक्षेतच," ती म्हणाली. "तेव्हाही तू हेच विसरलास. रडकुंडीला आला होतास तू. मला दया आली रे, मी खूण करून टाकली."