शिवकन्येची एकटीची सही

शिवकन्येबद्दल लिहायचं तर तिच्या सासूवरचा राग आधी बाजूला ठेवायला हवा, आणि तो ठेवायचा माझा विचार नाही. मी पंचशीला, एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डची सिस्टर. गावाचं नाव सांगत नाही, नोकरीची अजून अकरा वर्षं शिल्लक आहेत.

शिवकन्या रेणापूरची. लग्न होऊन आमच्या गावात आली ती बाजारपेठेतल्या किराणा-भुसाराच्या दुकानावर. नवरा उमाशंकर गल्ल्यावर बसायचा, पण कुठली तूर लवकर शिजते आणि कुठल्या पोत्यात कीड आहे हे मूठभर दाणे तळहातावर घेऊन सांगायची ती ही. गिऱ्हाईक भाव उमाशंकरला विचारायचं आणि माल हिला. मीही तिथलीच गिऱ्हाईक. गेले की चहा व्हायचा. माझा कप सासूबाई, म्हणजे जगदेवीबाई, वेगळा ठेवायच्या, का ते मला माहीत होतं. एकदा शिवकन्येनं त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच कपात स्वतःला चहा ओतून घेतला आणि फुंकून फुंकून प्याली. तेव्हापासून मला ती आवडली.

तिची मुलगी मंजुश्री आमच्याच वॉर्डात जन्मली. आता नऊ वर्षांची आहे. त्यानंतर शिवकन्येला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथा महिना लागता लागता घरात ठरलं, की देवाला जाऊन येऊ. नारळ, फुलं, विभूती घेऊन गाडी निघायची आणि कर्नाटकाच्या हद्दीत कुठल्याशा बंद खोलीपुढं थांबायची. तिथं एक माणूस पोटावर मशीन फिरवून मुलगा की मुलगी ते सांगायचा. दोन्ही वेळा त्यानं मुलगी सांगितली आणि दोन्ही वेळा शेजारच्या खोलीत पोट रिकामं केलं गेलं. कागदावर सही उमाशंकरची. दुसऱ्या वेळी शिवकन्येनं गाडीचं दार घट्ट धरलं होतं. उमाशंकरनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

आपल्याकडं तिसऱ्या महिन्यात चार बायका बोलावून गुपचूप ओटी भरतात, चोरओटी म्हणतात तिला. जगदेवीबाईंच्या घरी चोरओटी मशीनच्या निकालापर्यंत थांबायची. खण आणि हिरवा चुडा आधीच आणलेला असायचा. मुलगी निघाली की तो पुन्हा कपाटात जायचा. आणि हीच बाई श्रावणात माझ्यासमोर म्हणाली होती, आजकालच्या पोरी गोळ्या खाऊन पोट पाडतात, लई पाप वाढलं. बाईनं स्वतः ठरवलं की पाप आणि घरानं ठरवलं की नाइलाज, हा आमच्या गावचा न्याय. टीव्हीवर माणसं यावर तासन्‌तास भांडतात. त्यांनी जगदेवीबाईंच्या ओसरीवर बसून एक चहा घ्यावा.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास शिवकन्या दवाखान्यात आली. एकटी. सातवा आठवडा होता.

"सिस्टर, मला हे खाली करायचंय," ती म्हणाली. "पुढल्या महिन्यात देवाला जायचं ठरून राहिलंय. त्याच्या आत."

तोवर मला यातलं काही माहीत नव्हतं. गाडी, खोली, बोटं, सगळं तिनं तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, तक्रार कर, मी बरोबर येते. "पुरावा काय देऊ? नारळाच्या करवंट्या?" ती म्हणाली.

केसपेपर करणारा आमचा रेवणप्पा कारकून मान वर न करता म्हणाला, "मालकाला घिऊन या. सही लागती." बावीस वर्षं तो हेच सांगत आला आणि बावीस वर्षं बायका खाली मान घालून परत गेल्या. त्यातल्या काहींना मी स्वतः परत जाताना पाहिलंय आणि गप्प बसलेय. या वेळी मी कपाटातून फॉर्म काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. संमती बाईची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची, एकटीची. नवऱ्यासाठी त्यावर जागाच नाही. "दाखवा, कुठं लिहिलंय मालक?" रेवणप्पा चष्मा लावून शोधत बसला.

मी शिवकन्येला आत नेलं आणि विचारलं, "रागानं करून राहिलीस का?"

"हाव, रागानंच," ती म्हणाली. "मला लेकरू नको असं न्हाई. पण हे त्यांच्या हातात द्यायचं न्हाई. पोरगी निघाली तर मारतील. पोरगं निघालं तर त्या दोघींना मारल्याचं बक्षीस मिळाल्यावानी पेढे वाटतील. मला दोन्ही बघायचं न्हाई. दोन बारी त्यांनी ठरवलं. ही बारी माझी हाय."

मी म्हटलं, दोन दिवस विचार कर. रागात केलेलं पुढं झोपू देत नाही, असंही म्हटलं. ती दोन दिवसांनी त्याच वेळेला, त्याच साडीत परत आली. "झोप मला चार वर्षांपासून न्हाई," म्हणाली. डॉक्टर मॅडमनी तिला अर्धा तास एकटीला बसवून विचारलं. मग कारणाच्या जागी मनाच्या स्वास्थ्याला गंभीर धोका, असं लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. शिवकन्येनं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, आणि मग स्वतःच एकदा वाचून पाहिलं.

सासूनं तिला एकटीला येऊ दिलं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं होतं. दर वेळी ती रक्त वाढायच्या गोळ्या आणायला जाते म्हणायची, आणि समजा मनात दुसरं काही आलंच, तरी उमाशंकरच्या सहीशिवाय पान हलत नाही याची जगदेवीबाईंना खात्री. दोनदा सही त्याचीच लागली होती ना. कुलूप लावलंय या भरवशावर त्यांनी दार उघडं टाकलं.

पहिली गोळी तिनं माझ्यासमोर घेतली. दोन दिवसांनी दुसरीसाठी मॅडमनी तिला वॉर्डात ठेवून घेतलं. त्या दिवशी तिला फार त्रास झाला, ते मी लपवणार नाही. पोटात कळ आली की ती माझा हात धरायची, आणि मधेच एकदा भिंतीकडं तोंड करून रडली. सूड घेणाऱ्या बाईला रडू येत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी सूड घेतलेला नाही. संध्याकाळी मोकळी झाल्यावर तिनं चहा मागितला आणि स्वतःच्या फोनवरून घरी कळवलं. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "त्यांना कळलं न्हाई तर मी केलं कशाला?"

दोघं आले. उमाशंकर वॉर्डाच्या दारातच ओरडला, "माझी सही नसताना केलं कसं?"

"माझी हाय की," शिवकन्या खाटेवरून म्हणाली. आवाज न चढवता, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं. उमाशंकर सगळ्यांना कोर्टात खेचायच्या गोष्टी करत मॅडमच्या खोलीकडं गेला. मॅडमनी तोच फॉर्म पुढं केला आणि पाच मिनिटांत तो पाय ओढत परत आला.

जगदेवीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला.

"बाई, तुमच्या पाया पडते. एवढंच सांगा, काय हुतं?"

सातव्या आठवड्यात ते कुणालाच दिसत नाही. मशीनला नाही, डॉक्टरला नाही, मला नाही. एवढं एक वाक्य बोलले असते तर म्हातारी रात्री झोपली असती.

"मुलगा की मुलगी ते सांगणं कायद्यानं गुन्हा आहे, आजी," मी म्हणाले.

"पोरगी असती तर सांगितलं असतं. म्हंजी पोरगंच हुतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

मी माझा हात सोडवून घेतला. एकेक बोट.