मी मालिकेला चांगलं म्हणालो

परवा एक पिक्चर पाहिला. मुलानं मोबाईलवर लावून दिला होता. गाव मराठवाड्यातलं दाखवलं होतं, पण माणसं बोलत होती कोल्हापूरकडचं, आणि सगळ्यांची धोतरं आत्ताच दुकानातून आणल्यासारखी. नायिका विहिरीत उडी मारते आणि तिला वर काढतात तेव्हा काजळ जागच्या जागी. त्याच्या आधी आठ भागांची एक मालिका पाहायला घेतली होती. पहिल्या भागात खून झाला आणि सातव्या भागापर्यंत पोलीस कॉफीच पीत बसले. आठवा भाग मी पाहिला नाही. खुनी कोण हे कळून मला काय करायचंय?

अशी मतं माझ्याकडं पोत्यानं पडून आहेत, घेणारं कुणी नाही. बायको म्हणते, आवडत नाही तर बघता कशाला? तिचं बरोबर आहे. पण मी आयुष्यभर पिक्चर पाहिले ते भांडण्यासाठी, आणि ज्यांच्याशी भांडायचो ते सर जाऊन आता दुसरं वर्ष लागलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते गणित. मूळचे फुलंब्रीचे. पुढं शहरात, उस्मानपुऱ्यात, माझ्या मागच्याच गल्लीत त्यांनी घर बांधलं. मास्तर लोकांची एक खोड असते, तीस वर्षं एकमेकांच्या डब्यातलं खातील, पण म्हणतील सर आणि तुम्हीच. आमचंही तसंच.

रविवारी दुपारचा खेळ ठरलेला. सुटल्यावर चौकातल्या हॉटेलात चहा आणि भांडण. गणिताचा माणूस कोरडा असतो असं लोकांना वाटतं, पण पडद्यावर कुणाची आई नुसती खोकली तरी हे रुमाल काढायचे. त्यांना सगळं आवडायचं, आणि त्यांना आवडलं म्हणूनच मला आवडायचं नाही. एकदा बापलेकीचा पिक्चर होता. मी अंधारात गुपचूप डोळे पुसले आणि हॉटेलात टेकल्या टेकल्या म्हणालो, भिकार. सर हातातली बशी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिले. तुमच्या छातीत काळीज आहे का खडू, असं त्यांनी मला विचारलं होतं. वेरूळच्या लेण्यांत नाचगाणं घातलेल्या एका पिक्चरवरून तर आमचं चार दिवस बोलणं बंद होतं. शाळेत शिपायाकरवी निरोप चालायचे.

निवृत्त झालो, गुडघे कुरकुरायला लागले, थिएटरच्या पायऱ्या नकोशा झाल्या. मग मालिका सुरू झाल्या. आदल्या रात्रीचा भाग दुपारी पुन्हा लागतो, त्या वेळेला मी त्यांच्याकडं जायचो. सूनबाई चहा ठेवायची आणि आमचा आवाज चढला की आतून हसायची. सरांच्या पत्नी कधीच्या गेलेल्या. घरात मुलगा, सून आणि हे.

मग सरांचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग गोळ्या, मग मोठा दवाखाना. एका दुपारी मी निघालो तेव्हा त्यांचा मुलगा माझ्यामागं जिन्यात आला आणि त्यानं हळूच सांगितलं. कॅन्सर होता, आणि फार पुढं गेलेला. बाबांना अल्सर म्हणून सांगितलंय, तुम्ही काही बोलू नका, असं म्हणून तो जिन्यातच रडला. मी त्याला शब्द दिला.

आपल्याकडं ही रीतच आहे. गल्लीत दूधवाल्यापासून सगळ्यांना माहीत असतं, फक्त ज्याला झालंय त्याला माहीत नसतं. फाईल कपाटात साड्यांच्या खाली जाते. गोळ्यांची वेष्टनं काढून त्या साध्या डबीत भरतात. ते बरोबर की चूक हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पोरं जीव तोडून करत होती एवढं मात्र दिसत होतं. त्यात आपल्याकडून दगाफटका होऊ नये म्हणून मी घरून निघतानाच चेहरा नीट करून निघायचो. सूनबाईनं आणखी एक सांगितलं होतं, काका, त्यांना ओरडायला लावू नका, थकवा येतो. मीही मनाशी ठरवलं, माणूस चार दिवसांचा सोबती, आता कशाला वाद घालायचा?

त्या दुपारी मालिकेतल्या सासूची गेलेली स्मृती परत येत होती. ट्रकखाली आलेली बाई, पण अंबाड्याचा एक केस हललेला नाही. एरवी मी तिला सोडली नसती. सर उशीला टेकून बघत होते. डोळे भरलेले. म्हणाले, या बाईनं काय काम केलंय, सर. खरीच वाटती.

मी म्हणालो, "हो सर. चांगलं केलंय."

सरांनी उशीजवळचा रिमोट घेतला, आवाज बारीक केला आणि माझ्याकडं वळले.

"किती दिवस म्हणले डॉक्टर?"

कसले दिवस, अल्सर आहे साधा, पथ्य पाळलं की झालं, असं मी भराभरा बोललो. माझा मलाच आवाज परका वाटला.

"सर, एकतीस वर्षांत तुमी माझं कधी खरं म्हणलं नाय," ते म्हणाले. "आज म्हणलं. म्हंजे आता लई राहिलं नाय."

मी चेहरा सांभाळला, शब्द सांभाळला आणि नेमका नको तिथं चांगुलपणा दाखवला. मला माझीच इतकी चीड आली की उठून जावंसं वाटलं. सरांनी माझा हात धरला. पोरांना कळू द्यायचं नाही, म्हणाले. त्यांनी किती जपलंय, सूनबाई डोळे पुसूनच खोलीत येती, मला कळलंय हे समजलं तर पोरं मोडून पडतील. मी मान डोलावली. मग त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

"आता भांडा," ते म्हणाले. "ती आत ऐकायली."

मी कसाबसा म्हणालो, काय फालतू मालिका आहे. सर उसन्या जोरानं माझ्यावर ओरडले. आतून सूनबाई हसली, म्हणाली, सुरू झालं का तुमचं?

त्यानंतर आम्ही रोज भांडलो. आधी थोडं खरं वाटायचं, एकदा तर सर खरोखर चिडले आणि मला फार बरं वाटलं. पण त्यांचा आवाज उतरत गेला. शेवटी शेवटी डोळे मिटून पडायचे. मालिकेत काय चाललंय ते मीच सांगायचो, मीच शिव्या घालायचो. ते फक्त बोट हलवून नाही म्हणायचे. घरी येऊन मी जेवायचो नाही. बायकोलाही काही सांगितलं नाही, कारण शब्द आता दोघांना दिलेला होता, मुलाला एक आणि सरांना त्याच्या नेमका उलटा.

मला आजही वाटतं, मी त्या दुपारी नेहमीसारखा भांडलो असतो तर ते शेवटचे अडीच महिने सरांनी अल्सरच्या आशेवर काढले असते. पथ्याचा मऊ भात खाऊन बरं व्हायची वाट बघितली असती. ती आशा त्यांच्या मुलानं मोठ्या कष्टानं जपली होती आणि मी चहा पिता पिता ती घालवली.

सरांच्या तेराव्याला पंगती उठल्या, लोक पांगले. मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. केस नुकतेच उतरवलेले, एकदम लहान दिसत होता. म्हणाला, एकच समाधान आहे, काका, बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यामुळं हो. आम्ही कितीदा चुकता चुकता राहिलो. तुम्ही मात्र निभावून नेलंत."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हो म्हणालो.