आक्काबाईचे शेरे

मराठीत ‘आक्काबाईचा फेरा’ म्हणजे घरावर आलेली अवदसा. आमच्या देवळाली प्रवरेत मात्र आक्काबाईचा फेरा आला की चहाचं आधण चढतं, आणि चौतीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा मोरीत जाऊन तोंड धुऊन येतो. कारण आक्काबाई लग्नं जुळवतात.

गोड बोलून लग्नं जुळतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी आक्काबाईंना काम करताना पाहावं. त्या रागानं लग्नं जुळवतात. मुलीच्या बापाला ओसरीवरच गाठतात. “जावई पुण्यात नोकरीला पायजे, गावाकडं पाच एकर बागायत पायजे, आन पोरगी रानात जानार न्हाई. मंग ती पाच एकर काय फोटो काढायला पायजेत का?” मुलाच्या आईचीही सुटका नसते. “पोरगं तुझं चौतीसचं, ढेरी त्याच्या होनाऱ्या सासऱ्याएवढी, आन सून पायजे क्यालेंडरावरली.” माणसं चिडतात, दार आपटतात, आणि चार दिवसांनी स्वतःच फोन करतात. कारण आक्काबाई खोटं सांगत नाहीत, हे राहुरीपासून जामखेडपर्यंत माहीत आहे.

त्या मोबदला मागतात तो एकच. पत्रिका. घरी येऊन, कुंकू लावून, हातात दिलेली. अकरा वर्षांत त्यांनी लग्नं जुळवली एकशे बारा आणि पत्रिका आल्या एकोणतीस. हा आकडा त्या कोणालाही, न विचारता सांगतात, आणि सांगताना त्यांच्या नाकपुड्या फुगतात. खोटं कशाला बोला, रागवण्यासारखंच आहे ते. विहिरीला पाणी लागलं की जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला कोण विचारतो? तसंच मध्यस्थाचं. सून घरात आली की ती देवानंच धाडली असं सांगायचं असतं, तिथं मध्येच आक्काबाई कुठून घुसवायची?

त्यांचं सगळं भांडवल एका मोबाईलमध्ये होतं. सहाशे चाळीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे शेरा. ‘अमृत राहुरी नोकरी सांगतो कंत्राटी’. ‘आबासाहेब मुलगी गुणी बाप जास्त हुशार’. ‘धनश्री सोनई हो म्हणेल घाई नको’. ‘चांगुणाबाई वांबोरी जेवणाच्या वेळी उचलू नये’. पूर्वी हे वहीत असायचं. वही वाळवीनं खाल्ली तेव्हा गल्लीतल्या सुनीलनं नवा फोन लावून दिला आणि त्यांनी आठवून आठवून सांगितलेली नावं आठवडाभर बसून त्यात भरली. तो तेव्हा तेहतीस वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काही काम नव्हतं, म्हणजे लग्न झालेलं नव्हतं.

यंदा त्याचंही जुळलं. जुळवलं अर्थातच आक्काबाईंनी, खर्ड्याच्या वाल्मिकरावांची मुलगी संस्कृती हिच्याशी. आणि लग्नाला आठ दिवस राहिले तरी आक्काबाईंना पत्रिका नव्हती. पिठाच्या गिरणीवाल्याला गेली. म्हशींना इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला गेली. सुनीलची आई साळूबाई आक्काबाईंच्या दारावरून दोनदा गेली, दोन्ही वेळा पदर डोळ्यांपर्यंत ओढून. आक्काबाई उंबऱ्यात उभ्या राहून मोठमोठ्यानं खाकरल्या. उपयोग झाला नाही.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. सुनीलच्या नंबरावरून निरोप: ‘आमच्या घरच्या मंगल कार्याचे अगत्याचे निमंत्रण. पत्रिका उघडून पाहा.’ वर गणपती.

“मोबाईलवर धाडतोय मेला,” आक्काबाई म्हणाल्या, पण बोट तोवर जाऊन पोचलं होतं. फोननं इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यांनी ‘हो’ दाबलं. आणखी काहीतरी विचारलं, त्यालाही ‘हो’. लग्न जुळवणाऱ्या बाईला ‘नाही’ दाबायची सवय नसते.

पत्रिका उघडली नाही. फोन तव्यासारखा तापला, पडदा काळा पडला, आणि मधोमध तो गणपती तेवढा येऊन बसला. काही केल्या हलेना. दहा मिनिटांनी त्यांची सून रेश्मा आतून आपला फोन घेऊन आली.

“आत्याबाई, तुमची पत्रिका आली मला.”

“माझी कसली पत्रिका?”

“लग्नाची. तुमच्याच नंबरावरून.”

आक्काबाईंनी तिच्या हातातला फोन असा खेचला की रेश्माची एक बांगडी फुटली. “उगडू नको. आधी त्या शामरावाकडं चल.”

आता सांगा, या भामट्यांना काय म्हणावं? पूर्वीचा चोर निदान भिंतीवरून यायचा, कुत्र्याला भाकरी टाकायचा, पाय मोडून घ्यायची तयारी ठेवायचा. हा गणपती पुढे घालून घरात शिरतो. आणि शिरतो तरी कुठून, तर पत्रिकेतून, जिची माणूस डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत असतो. असल्यांना उसाच्या गाडीला जुंपून राहुरीपर्यंत नेलं तरी माझ्या मनाचं समाधान होणार नाही.

शामकांत हे शाळेतल्या हेडक्लार्कचे चिरंजीव. पेठेत त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तिथं पाटी आहे: ‘पासवर्ड विसरलेल्यांनी आधी घरी जाऊन आठवावा.’ गावात आक्काबाईंच्या तोडीचा रागीट माणूस हा एकच. फोन बघताच त्यांनी आधी सिम काढलं, मग फोटोंचं कार्ड काढलं, दोन्ही वेगळ्या डबीत ठेवली.

“बँकेचं ॲप आहे यात?”

“हाय.”

त्यांनी आपल्या फोनवरून बँकेला फोन लावून दिला आणि ते बंद करायला लावलं. मगच चष्मा वर केला. “गणपती दिसतोय. म्हणजे पत्रिका उघडलीत. कालपासून सातवा फोन हा. पहिला सुनीलचा, तो काल संध्याकाळपासून इथंच पडलाय.”

“त्यानंच मला धाडली.”

“त्यानं नाही धाडली. त्याच्या फोनमध्ये शिरून नंबर ताब्यात घेतलेल्या चोरानं धाडली. जेवढी नावं तेवढ्यांना.”

आक्काबाई स्टुलावर बसल्या. “म्हंजी सगळ्या गावात मला लग्नाला बोलवनारा येकच मानूस निघाला, त्यो बी चोर.”

“आक्काबाई, आत काहीच उघडत नाही. आता फॅक्टरी रिसेट.”

“फॅक्टरीत कशाला? तिथं उसाचं वजन करत्यात.”

“ती फॅक्टरी नव्हे. फोन कारखान्यातून निघाला तेव्हा कोरा होता. परत तसाच कोरा करायचा. चोरही जाईल.”

“आन माझी मानसं?”

“फोनमधली जातील. गूगलच्या खात्यावर साठवलेली असली तर परत येतील. ते खातं कुणी उघडलं? पासवर्ड काय?”

“खातं म्हंजी?”

शामकांतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हा वादळापूर्वीचा चष्मा असतो. “अख्खा तालुका मला हेच सांगतो. पासवर्ड माहीत नसताना रिसेट करणं म्हणजे किल्ली आत ठेवून बाहेरून कुलूप लावणं. फोन चालू होईल आणि पहिलाच प्रश्न विचारेल, जुनं खातं सांगा. नाही सांगितलं, तर दाराला टेकण म्हणून लावा तो. लोक कुणा भाच्याचं ऐकून घरी बटणं दाबतात आणि इथं येऊन माझ्या काउंटरवर रडतात. मी पासवर्ड आल्याशिवाय हात लावणार नाही.”

“तुमी काय माझ्यावर वरडता, शामराव? मी काय तुमची बायको हाय?”

“खातं कुणी उघडलं ते सांगा.”

आक्काबाईंनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. “सुनीलनं.”

सुनीलचा फोन दुकानातच पडलेला. म्हणजे त्याला फोन करून विचारण्याचीही सोय नाही. जायचं, तर त्याच घरात, त्याच साळूबाईच्या दारात. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, गेला तो फोन खड्ड्यात. पण शेरे गेले तर आक्काबाई म्हणजे नुसतीच एक तापट म्हातारी, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळत होतं. सहाशे चाळीस घरांचं खरं-खोटं पुन्हा गोळा करायला दुसरा जन्म लागला असता. सिम एका बटणाच्या फोनमध्ये घालून घेऊन त्या निघाल्या, चपला अशा वाजवत की रस्त्यावरची कोंबडी बाजूला झाली.

साळूबाई ओसरीवर बस्त्याच्या साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन एकेका साडीवर नावाची चिठ्ठी टाचत होती. आक्काबाईंनी ढिगावरून एक नजर फिरवली. आपलं नाव नाही हे बघून घेतलं.

“सुनील कुठंय?”

“गोठ्यात. काय काम हाय?”

“तुझ्याकडं न्हाई.”

“माझ्या घरात येऊन माझ्याकडं काम न्हाई म्हनती.” साळूबाईनं टाचणी तोंडातून काढली. “पावन्यासमोर माझं नाक कापलं तवा बी कुनाला इचारलं न्हवतं.”

“काय कापलं? वाल्मिकराव म्हनले जमीन किती. मी म्हनले तीन एकर.”

“मी सात सांगितली हुती.”

“चार तुझ्या दिराची हाय. ती काय तुझ्या दिरानं तुला ओवाळणीत घातली? साळूबाई, तीन एकर ऐकून त्यो मानूस हो म्हनला. का म्हनला म्हाईत हाय? म्हनला, जी बाई पोराकडून येऊन जमीन कमी सांगती, तिचं बाकीचं बी खरं असनार. पोरगं चांगलं हाय म्हनली ते बी खरं असनार. तुझ्या सात एकरानं सहा वर्सं येक सोयरीक झाली का?”

साळूबाईनं टाचणी साडीत खुपसली ती आपल्या बोटातच. तेवढ्यात सुनील शेणाचे हात धूत आला आणि दोघींना एकत्र बघून परत निघाला.

“हिकडं ये. माझ्या फोनचा पासवर्ड सांग.”

सुनील लाल झाला. “दुकानात येऊन सांगतो, आक्का.”

“आत्ता सांग. तुझ्या त्या पत्रिकेपायी झालंय समदं.”

“आक्का, मी लिहून देतो.”

“बोल.”

सुनीलनं आईकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, शेवटी जमिनीकडे बघून म्हणाला, “लग्नकधीहोनार. समदं जोडून. पुढं तेहतीस.”

गोठ्यात गाय हंबरली. साळूबाईनं बोट तोंडात घातलं ते घातलंच.

“तीन वर्सं,” आक्काबाई हळू म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या तर समजावं की राग तळाला गेलाय, “तीन वर्सं माझाच फोन मला इचारत हुता, आन मला पत्ता न्हाई. चल दुकानात.”

शामकांतांनी लगेच फोन कोरा केला असं समजू नका. आधी त्यांनी दुकानाच्या संगणकावर तो पासवर्ड टाकला, बटणाच्या फोनवर आलेला आकडा घातला, आणि नावं खरोखर खात्यावर आहेत का ते पाहिलं. होती. सहाशे चाळीसच्या सहाशे चाळीस, शेऱ्यांसकट. मग त्यांनी पासवर्ड बदलला, नवा आक्काबाईंच्या हातानं कागदावर लिहून घेतला, फोन चार्जिंगला लावून पुरता भरेपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. “मधेच बंद पडला तर मला दोष देऊ नका,” असं ते तीनदा म्हणाले. शेवटी बाजूची दोन बटणं एकदम दाबली, आणि गणपती गेला. त्याला काही कोणी पुनरागमनायच म्हणालं नाही.

तोवर सुनील संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. नावं वरून खाली सरकत होती. ‘स’पाशी थांबली.

‘सुनील देवळाली ३ एकर आई ७ सांगते पोरगं सोनं’.

त्यानं नाक पुसलं आणि तडक घरी गेला.

दिवेलागणीला साळूबाई आली. हातात कुंकवाचा करंडा, अक्षता आणि पत्रिका. तोंड लढाईला निघाल्यासारखं. आक्काबाईंनी हात पुढे केला नाही.

“कागदाची हाय ना?”

“डोळ्यांनी बघ की.”

“मंग उगडते.”

कुंकू लावून घेतलं, पत्रिका उघडली, आणि दिव्याखाली धरून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी शोधावी लागतात. निमंत्रक एकोणीस, प्रेषक बावीस, संयोजक अकरा. आक्काबाईंचं बोट प्रत्येक नावाखालून फिरलं. शेवटी चिमुकल्यांची किलबिल आली.

“सोनू, मोनू, पिंट्या, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. ह्यो पिंट्या अजून अंथरून भिजवतो. त्याचं नाव हाय. ट्रॅक्टरवाल्याचं हाय. माझं कुठंय?”

“छापून झाल्याली, आक्का. आता कुठं घालू?”

“मला काय इचारती? जागा हाय की खाली.”

साळूबाई घुश्शात आत गेली, रेश्माकडून पेन घेऊन आली, आणि जमिनीवर बसून किलबिलीच्या खाली, पिंट्याला खेटून, लिहू लागली. ‘मध्यस्थ: सौ.’ इथं ती थांबली.

“आक्काबाई का आकाबाई?”

“येवढी वर्सं शेजारी ऱ्हाती. दोन क.”

ती गेल्यावर आक्काबाईंनी कोरा करून आणलेला फोन उघडला, नवा पासवर्ड कागदावर बघून घातला, आणि ‘साळूबाई’ शोधून काढली. शेरा जुनाच होता: ‘बोलते फार खोटं मोजकं’. त्यांनी तो पुसला नाही. बराच वेळ एक बोट हवेत धरून बसल्या आणि पुढे अक्षर अक्षर शोधत जोडलं: ‘पत्रिका दिली. उशिरा.’