उजव्या हाताची निळी गिटार

मी डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की माय चमच्यानं बोटांवर मारायची. शाळेत बाई लेखणी काढून उजव्या हातात द्यायच्या. गोंडपिपरीला शिवणकाम शिकले तर तिथली कैचीही उजव्यांचीच, अंगठ्याला फोड यायचे. एकटा दादा माझ्या बाजूनं भांडायचा. "राहू दे ना माय, तिचा हात चालते तसा चालू दे." त्या एका बोलण्यासाठी मी त्याच्यावर जीव टाकत होते.

दादा झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो, थोडीफार गिटारही येते त्याला. दिवाळीनंतरच्या एका मंडईच्या जत्रेत त्याच्या कंपनीतल्या पोरानं इलेक्ट्रिक गिटार वाजवली आणि मी वेडीच झाले. दुसऱ्या दिवशी मागून घेतली, तर हातात आली ती उलटी. सगळे खिदळले. दादा हसला नाही. "तुले डाव्या हातवाली पायजे बाई," म्हणाला. "भेटते तशी."

मग काय! ब्लाऊजला हुक लावता लावता मोबाइलवर गिटारीच पाहायचे. स्वस्तातली एक दिसायला झकास, पण खुंट्या सैल, सूर टिकत नाही म्हणे. दुसरीच्या तारा इतक्या उंच की बोटं सोलून निघावीत. तिसरी निळी, हलकी, दांडी बारीक, आवाज असा गोड की दादानं माझ्या हातातून मोबाइल ओढून तीनतीनदा ऐकला. पण निळी फक्त उजव्यांसाठी. डाव्यांसाठी माझ्या ऐपतीत एकच, काळी आणि चांगलीच जड. चालेल म्हटलं. आपल्या हाताची तर आहे!

लग्नसराईत मशीन सोडून मला उठता येईना. चंद्रपूरच्या दुकानातून आणायला शिलाईचे पैसे दादाच्या हातात दिले आणि बजावलं, "निळी कितीबी गोड दिसू दे, मले काळीच आण."

चंद्रपूरहून तो निळी घेऊन आला.

"काळी बंदच झाली म्हणते दुकानदार. तारा उलट्या लावून घे, झालं."

मी मानलं. दादा सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? तारा काढून उलट्या चढवल्या. जाड तार बारीक खाचेत बसेना. आवाजाची बटणं कोपराखाली यायची, मधेच आवाज गायब. महिनाभर झटले. मी वैतागून ठेवली की दादा तारा सरळ करून तालमीला घेऊन जायचा. "पडून काऊन ठेवायची?" म्हणायचा.

खाच रुंद करून मिळेल का, विचारायला शेवटी दुकानात फोन लावला.

"काऊन बाई, काळी तं मी काढून ठेवली होती," दुकानदार म्हणाला. "तुमचे भाऊच म्हणे, निळी द्या, मलेच नाटकात वाजवायची हाय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरातल्यानंच गळा कापावा! तशीच उठले. दादा अंगणात बसला होता, निळी मांडीवर घेऊन.

"दादा, काळी होती ना दुकानात?"

तो खुंटी पिळत राहिला. मग म्हणाला, "होती. पण तू घरीच वाजवणार. मले सीझनभर कामी येते. घरातच तं हाय ना वस्तू?"

"माही होती ते. माह्या हाताची पायजे होती मले."

"मंग वाजव ना, कोण नाई म्हणते?" तो चिडला. "उजव्या हातानं शीक. सगळे शिकतात."

हे दादा म्हणाला. माझा दादा! मायच्या चमच्यानंही कधी इतकं लागलं नव्हतं.

त्यानं गिटार माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. शाळेत बाई जवळ आल्या की उभी राहायचे, तशी डावा हात पाठीमागं लपवून उभी राहिले.